वरकसात डिटेक्टर सतत वाजतो, खाजणात बडबडतो: घरच्या जमिनीत जुनी नाणी कशी शोधावीत?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात दाभोळ खाडीच्या अंगाला घरची सामाईक जमीन आहे. घरामागे दहा-बारा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी, त्यातच एका पडक्या घराचं जोतं. वर चढाला वरकस (उताराची हलकी जमीन), तिथे निम्मा भाग उघडा कातळ. खाली भाताची तीन खाचरं, त्यातलं शेवटचं खाजणाला (खाडीच्या खाऱ्या पाण्याच्या दलदलीला) लागून.

मशीन (मेटल डिटेक्टर) सुरुवातीच्या किमतीतलं आहे. एकच वारंवारिता, ८ किलोहर्ट्झ. कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती) ७ बाय १० इंची, कॉन्सेन्ट्रिक. सेन्सिटिव्हिटीचे आठ टप्पे, ग्राउंड बॅलन्सचं बटण नाही. वाडीत पावलापावलाला वाजतं. वरकसात तिसऱ्या टप्प्याच्या वर नेलं की थांबतच नाही आणि खणल्यावर नुसते जांभ्याचे खडे निघतात. भाताच्या खाचरात शांत असतं, पण मिळत काहीच नाही. खाजणात ओल्या जागी अखंड बडबड.

सेटिंग कसं ठेवावं, कुठे आणि कधी शोधावं, बाग न बिघडवता खणावं कसं, आणि खरंच काही निघालं तर पुढे काय करायचं? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

कातळफोड

मशीन बिघडलेलं नाही, ते जमीनच वाचतंय. जांभा म्हणजे पावसाने सिलिका धुऊन नेल्यावर मागे उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं घर. त्यातले काही लोहकण चुंबकीय असतात. कॉइलने सोडलेल्या लहरीला तेही उत्तर देतात आणि नाण्याचं क्षीण उत्तर त्या गोंगाटात बुडतं. राजापूर तालुक्यात देवाचे गोठण्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. दगडातलं लोह काय करू शकतं ते एवढ्यावरून कळावं.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीचं हे उत्तर मोजून वजा करणं. तुमच्या मशीनमध्ये ते कारखान्यातच एका मधल्या आकड्यावर बसवलेलं आहे. साध्या मातीला ते चालतं, जांभ्याला कमी पडतं आणि खाऱ्या ओलीला जास्त होतं. म्हणून तुमच्या जमिनीच्या दोन्ही टोकांना ते फसतंय आणि मधल्या खाचरात नीट वागतंय. तुमच्या वर्णनात सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे.

आहे त्याच मशीनवर काय करता येईल ते सांगतो. वरकसात सेन्सिटिव्हिटी आठपैकी तीनवर, फार तर चारवर ठेवा. कॉइल जमिनीला घासू नका, तीन-चार बोटं वर धरा. उलटं वाटेल, कारण उंची वाढली की खोली घटणारच. पण जमिनीचा गोंगाट कॉइलच्या अगदी खालच्या थरातून सगळ्यात जास्त येतो. कॉइल थोडी उचलली की तो झपाट्याने उतरतो आणि नाण्याचा आवाज त्या मानाने कमी घटतो. झोत हळू ठेवा: डावीकडून उजवीकडे मीटरभर जायला दीड-दोन सेकंद. प्रत्येक झोत आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे. टोकाला हात वर उचलला जातो, ती खोड मोडा. कॉइल उचलली-टेकली की जांभ्यात हमखास खोटा आवाज येतो.

आवाज आला की तिथेच काटकोनात वळून पुन्हा झोत घ्या. दोन्ही दिशांनी तोच सूर, त्याच जागी, पडद्यावरचा आकडा फार न हलता आला तरच खणायचं. गंजका खिळा एका दिशेने सुरेख उंच सूर देतो आणि वळलात की फुटतो किंवा जागा बदलतो. तापट खडा (लोह जास्त असलेला जांभ्याचा तुकडा) कॉइल जवळ असताना वाजतो आणि वीतभर उचलली की एकदम गप्प होतो. नाण्याचा सूर असा तुटत नाही, बारीक होत जातो.

आता राबाचं. तरव्याच्या (भाताची रोपं करायच्या) जागी वर्षानुवर्षं पालापाचोळा भाजलेला असतो, तोच राब. त्या उष्णतेने मातीतल्या लोहाचं रूपांतर जास्त चुंबकीय प्रकारात होतं. चुलीची जागा, विटा भाजलेली जागा आणि राबाचा चौकोन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जास्त वाजतो तो त्यामुळे. तिथे मशीनशी भांडत बसू नका.

खोलीची अपेक्षा आधीच खाली आणा. मऊ मातीत वीतभर खाली दिसणारं पैशाएवढं नाणं जांभ्यात त्याच्या निम्म्यावर मिळालं तरी बरं म्हणायचं. आपल्या जमिनीचा खरा आकडा हवा असेल तर एक जुना तांब्याचा पैसा सुतळीला बांधून ५, १० आणि १५ सेंमीवर पुरून बघा, तिन्ही तुकड्यांत वेगवेगळा. ताजं पुरलेलं नाणं जुन्या पुरलेल्यापेक्षा थोडं कमी दिसतं, तेवढी सूट धरा. एक तास जाईल, पण नंतरची पुष्कळ फुकट खणाखणी वाचेल.

नवीन घ्यायचंच झालं तर दोन गोष्टी बघा: ग्राउंड बॅलन्स हाताने करता आला पाहिजे आणि कॉइल डबल-डी हवी. कॉन्सेन्ट्रिक कॉइल खाली शंकूसारखं बघते आणि जमिनीचा मोठा गोळा एकदम पोटात घेते. डबल-डी सुरीच्या पात्यासारखी अरुंद पट्टी बघते, म्हणून लोहाच्या जमिनीत ती शांत राहते. एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी मशिनं (मायनलॅब इक्विनॉक्स, नोक्टा लेजंड या जातीची) जांभा आणि खारी ओल दोन्ही सांभाळतात, पण पैसे तसेच मोजावे लागतात. वाडीपुरतंच शोधायचं असेल तर माझ्या मते आधी सहा इंची लहान कॉइल आणि एक पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) घ्या, मशीन नंतर. 'शंभर फुटांवरून सोनं दाखवतो' म्हणत दोन दांड्यांचे अँटेना विकतात त्यांच्या नादी मात्र लागू नका. त्या पेटीत काम करणारं काहीही नसतं.

ग्राउंड बॅलन्स असलेल्या मशीनवर तो करताना आधी धातू नसलेली हातभर जागा शोधा. बटण दाबून कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंमी ते वीत-दीड वीत अशी वर-खाली पंप करा, आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत. कोकणात हे सकाळी एकदा करून भागत नाही. कातळावरून मातीत, मातीतून भरावात गेलात की पुन्हा करायचं.

आणि मोबाइल विमान-मोडवर टाका. दर सेकंदाला टिक टिक येत असेल तर शेजाऱ्याच्या बागेतलं डुकरं-वांदरांसाठी लावलेलं झटका-कुंपण चालू आहे. ते बंद करायला सांगा, नाहीतर त्या कडेला जाऊ नका.

तिरफळ

वरच्यांनी जमिनीचं सांगितलं, मी खणण्याचं सांगतो.

कमरेची आकडी आणि कोयता आधी काढून ठेवा. वाकल्यावर कॉइल नाहीतर पिनपॉइंटर त्यालाच वाजतो आणि माणूस रिकामा खड्डा मोठा करत बसतो. लोखंडी टाचेचे बूटही नकोत.

वाडीत पावलापावलाला वाजणारच, तिथे दीडशे वर्षांचा संसार सांडलेला असतो: कौलांचे खिळे, बैलाच्या पत्र्या, पत्र्याचे तुकडे, औषधांची चांदीसारखी पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, सोड्याची बुचं, काडतुसाच्या पितळी टोप्या, पंपाच्या तारेचे तुकडे. लोखंड वगळायचं सेटिंग पूर्ण लावलंत तर खिळ्याच्या शेजारचं नाणंही खिळ्याबरोबर वगळलं जाईल. म्हणून वाडीत लहान कॉइल, वगळणं अगदी कमी आणि भरपूर धीर. दहा गुंठे एका दिवसात उरकायचे नाहीत. दोन-दोन मीटरच्या पट्ट्या सुतळीने आखा आणि प्रत्येक पट्टी दोनदा घ्या, एकदा उभी, एकदा आडवी. निघालेला सगळा कचरा घमेल्यात टाकून बाहेर न्या. तिथेच फेकलात तर पुढच्या वेळी तोच पुन्हा खणाल.

जोत्याचं सांगायचं तर आतल्या भागापेक्षा पुढचं खळं, पायरीची दोन्ही अंगं, विहिरीकडे जाणारी वाट आणि गडग्यातली (दगड रचून केलेल्या कुंपणातली) बेडं (वाट अडवायला आडवे वासे घालतात ती जागा) यांना आधी वेळ द्या. वासा ओलांडताना माणूस वाकतो, उडी मारतो आणि कनवटीचं सांडतं. पडलेल्या मातीच्या भिंतींचा ढिगारा असेल तर त्याच्या वर काही मिळणार नाही. जुनी जमीन त्याखाली हात-दीड हात गेलेली असते, मशीनच्या आवाक्याबाहेर. जोत्याचे चिरे उपसू नका. एकदा हलले की पावसाळ्यात आख्खी बाजू बसते.

पोफळीच्या बुंध्यापासून मीटरभर जागा सोडा. तिची मुळं तंतुमय आणि वरच्या थरातच दाट असतात. नारळाच्या आळ्यातही तेच. हापूसच्या कलमाची खाणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे खणायचंच असेल तर हातखुरप्याने, वीतभरच, आणि मोहोर धरायच्या दिवसांत अजिबात नाही. ठिबकच्या नळ्या आणि पंपाची वायर कुठून जाते ते आधी विचारून घ्या. जमिनीतून ओढलेली वायर मशीनला लांबलचक सरळ रेषेत वाजते, तसा आवाज मिळाला की कुदळ बाजूला.

खणताना तीन बाजूंनी खुरप्याने चीर मारा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून ढेकूळ झाकणासारखं उलटा. माती पोत्यावर काढा. आधी पिनपॉइंटर खड्ड्याच्या भिंतीत फिरवा, मगच खाली जा. निम्म्या वेळा नाणं भिंतीत असतं आणि कुदळीने कापलं जातं. नाण्यावर पडलेला कुदळीचा घाव भरून निघत नाही, म्हणून टिकाव-कुदळ आवाजाच्या केंद्रापासून वीतभर बाहेरच मारायची.

भाताच्या खाचरात काहीच मिळत नाही याचं कारण बहुतेक खोली. दरवर्षी चिखलणी होते, जड वस्तू चिखलात बसत बसत खाली जाते आणि नांगराच्या तळाशी जो कठीण थर असतो त्यावर अडकते. तो साधारण १५ ते २० सेंमीवर. म्हणजे तुमच्या मशीनच्या अगदी टोकाला. मोठी डबल-डी कॉइल लागते ती इथे. पण तो थर फोडू नका. फुटला तर पावसाळ्यात पाणी खाली झिरपतं, खाचर पाणी धरत नाही आणि लावणीच्या वेळी घरातले तुम्हालाच बोलतील. फुटलाच तर चिकणमाती ओली करून थर देऊन धुमसाने ठोकून घ्या.

वेळ: कापणी झाल्यावर, ढोरं धसकटं चरून गेली की वाल-कुळीथ पेरायच्या आधीचे जे काही दिवस मिळतील ते. माती ओलसर असते, कॉइल खाली फिरते, खुरपं घुसतं. फेब्रुवारीनंतर वरकसाची माती चिऱ्यासारखी होते.

हात जपा. जांभ्याच्या कपारीत आणि गडग्याला फुरसं (छोटा विषारी साप) असतं, खड्ड्यात न बघता बोटं घालू नका. ओल्या खाचरात हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्याकडे आहे. आणि रानाच्या कडेला डुकरांसाठी ठेवलेला गावठी गोळा (हातबाँब) दिसला तर मशीन तिथेच ठेवून मागे फिरा आणि पोलीसपाटलांना कळवा.

नांगरट

एवढं काय घाबरवताय त्यांना. एकटदुकट पैसा सापडला तर कोण विचारतंय? हंडा निघाला तरच सरकार येतं.

फेरफार

नांगरट भाऊ, हा समज सगळीकडे आहे म्हणून सविस्तर लिहितो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अजून लागू आहे. त्यात हंडा, सोनं असले शब्द नाहीत. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपलेली, काहीही मोल असलेली वस्तू म्हणजे निधी. मोल दहा रुपयांच्या वर गेलं की सापडणाऱ्याने (ज्याला वस्तू सापडली त्याने) शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किती मोलाचं, कुठे आणि कोणत्या तारखेला. सोबत वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करीन असं तारण द्यायचं. दहा रुपयांची ती मर्यादा १८७८ सालची आहे, आज बाजारात गेलेला कुठलाही जुना पैसा ती ओलांडतो. कनवटीतून पडलेला एक पैसा 'लपवलेला' म्हणायचा का, यावर वकील वाद घालतील. तो वाद आपल्या अंगावर कशाला घ्या? कळवायला एक अर्ज लागतो. न कळवल्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय आपला हिस्सा सरकारजमा. जमीनमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत.

पुढचं बहुतेकांना माहीत नसतं. कळवल्यावर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. ज्याने लपवलं तो किंवा त्याचा वारस म्हणून कोणी पुढे आला तर लपवणं गेल्या शंभर वर्षांतलं आहे का हे बघतात. तसं काही ठरलं नाही तर निधी बेवारस जाहीर होतो. मग सापडणारा आणि जागेचा मालक यांच्यात आधीचा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला. करार असेल तर कराराप्रमाणे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. नाण्याचं बाजारमूल्य त्यात धरत नाहीत, हे मला स्वतःला पटत नाही, पण कलम तसंच आहे.

आता 'सामाईक जमीन' हा शब्द वाचा. सातबारावर वीस-बावीस नावं, निम्मी मुंबईला, दोन-चार वारस नोंद न झालेले. मालक म्हणून एक हिस्सा या सगळ्यांचा, आणि सापडणारा म्हणून तीन हिस्से मशीन धरणाऱ्याचे. भाऊबंदकीला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. म्हणून आधी साधा करार करा: कोणत्या गट नंबरात शोधायचं, कोण शोधणार, खड्डे कोण बुजवणार, काही निघालं तर वाटणी कशी. सातबारावरच्या सगळ्या हयात खातेदारांच्या सह्या घ्या, मुंबईकरांच्या पोस्टाने मागवा. कूळ लागलेलं असेल तर त्याचीही. गड्याला मजुरीवर लावून खणत असाल तर त्याच्याशीही लिहून ठेवा, कायद्याने खुरपं ज्याच्या हातात तो सापडणारा ठरू शकतो.

भांडं, गाडगं, लोटा किंवा एका जागी चार-पाच नाणी दिसली तर तिथेच थांबा. उपसू नका. फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, खड्ड्याची खोली आणि दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर लिहा, माती सैल लोटून झाका आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला पाठवा. नाणी कोणत्या थरात, कशाबरोबर होती यावरूनच त्यांचा काळ ठरतो. घमेल्यात ओतलेल्या नाण्यांतून तेवढं कळत नाही.

कुठे शोधायचं नाही तेही सांगतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा यांच्या आसपास घरची जमीन असली तरी हे लागू. देवराई, देवस्थानची जमीन, शिमग्यात पालखी बसते ती सहाण, यांना हात लावू नये, तिथलं काही तुमच्या घरचं नाही. सड्यावर कातळशिल्पं असतील तर पाय जपून ठेवा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. समुद्राची पुळण सरकारी.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या लिलावाच्या साइटवर टाकण्याआधी हे लक्षात असू द्या.

शेवटचं. मशीन घेऊन फिरताना दिसलात की कोणीतरी 'अमावास्येला येतो, कोंबडा लागेल, धन काढून देतो' म्हणत येईलच. गुप्तधनासाठी असले अघोरी प्रकार करणं-करवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. दाराबाहेरूनच परत पाठवा.

दुदांडी

निघणार काय, त्याची कल्पना असलेली बरी. सगळ्यात जास्त मिळतात ती ॲल्युमिनियमची: चौकोनी एक पैसा, कंगोऱ्यांचा दोन पैसा, षटकोनी तीन पैसा. ही १९६४-६५ नंतरची. १९८८ पासूनची स्टेनलेस स्टीलची नाणी मशीन लोखंडात धरतं, त्यामुळे ती वाजत नाहीत, आणि त्याचं दुःखही नाही.

त्याखाली ब्रिटिश काळ. १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा दोन ग्रॅमचा आणि पातळ, सूर बारीक. पाव आणा (१८३५ चा कंपनीचा, १८६२ पासून राणीचा) साडेसहा ग्रॅम, पंचवीस-सव्वीस मिलिमीटर, सूर स्पष्ट. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा, सूर सगळ्यात वरचा. मुंबई इलाख्याच्या कंपनीच्या जुन्या पैशावर एका बाजूला तराजू असतो, १७९१ आणि १७९४ चे इंग्लंडमध्ये पाडून आलेले तर चांगलेच घोटीव असतात. अक्षरं गेली तरी तराजूच्या दोऱ्या तिरक्या उजेडात दिसतात.

शिवराई ओळखायला सोपी आणि वाचायला अवघड. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचितच येतो. जुनी जाड शिवराई ११ ते १३ ग्रॅमच्या घरात, नंतरच्या काळातली दुदांडी (दोन दांड्यांच्या खुणेची शिवराई) त्याहून हलकी. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, पण वजनावर एकट्यावर निर्णय देऊ नका. आपली जांभ्याची माती आम्ल, वर पावसाचा मारा, त्यात तांबं खाल्लं जातं आणि जाड शिवराईही नऊ ग्रॅमवर येते. जाडी आणि अक्षरांचं वळण बघा.

दाभोळ खाडीच्या अंगाला आहात म्हणून एक खास सूचना. आदिलशाहीत या किनाऱ्यावर लारी चालत असे. चांदीची तार मधोमध दुमडून, चपटी करून त्यावर ठसा मारलेला. केसाच्या आकड्यासारखी दिसते, वजन पाच ग्रॅमच्या आत-बाहेर. मशीनवर तिचा सूर नाण्यासारखा गोल येत नाही. तार कॉइलला कशी आडवी-उभी पडली आहे त्यावर तो बदलतो. काळी पडलेली असली की हातात घेऊनही लोक ती वाकडी तार म्हणून फेकतात. चुंबक लावा: चिकटत नसेल आणि अंगावर ठशाची खूण वाटत असेल तर जपून ठेवा.

स्वच्छ करण्यावर घरोघरी वाद होतात, पण यात मतभेदाला जागा नाही: चिंच, कोकम, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, तारेची घासणी काहीही नको. आंबटाने वरचा थर विरघळतो आणि तांब्याच्या जुन्या नाण्यावर उरलेली अक्षरं त्या थरातच असतात. नाणं शेतात अंगठ्याने चोळू नका, रेतीकण चरे पाडतात. ओल्या मातीसकट पुडीत घाला. घरी डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, माती आपोआप सुटली तेवढी सुटू द्या. उरलेली बांबूच्या काडीने, भिंगाखाली. चांदीचा काळेपणा ठेवा, तो काही खात नाही.

ठेवताना मऊ पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे टाळा, आपल्या दमटपणात ते चिकट हिरवं सोडतात. आम्लरहित कागदी पाकीट, घट्ट डबा, सिलिका जेल. जेल जूनमध्ये आणि गणपतीच्या सुमारास तापवून कोरडं करून घ्या. प्रत्येक पाकिटावर गट नंबर, खोली, तारीख, वजन.

खाडीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. सह्या गोळा करायला घेतो. दोन गोष्टी राहिल्या. खाजणालगतच्या खाचरात सेटिंग काय ठेवू? आणि तिथल्या तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड येत असेल, पुसली तरी परत येत असेल, तर ती माती की दुसरं काही?

कातळफोड

खाजणाला सेटिंगपेक्षा कॅलेंडर बघा. खारं पाणी वीज वाहून नेतं म्हणून ओल्या खाजणात सगळी जमीनच एक मोठा धातू होते. तेच मीठ कोरडं झालं की गप्प बसतं. म्हणजे वरकसाच्या बरोबर उलट. वरकस आणि भाताची खाचरं ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर, खाजणालगतचं मार्च ते मे, जमीन तडकली की. त्यातही उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस सोडा, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत जा. सेन्सिटिव्हिटी चारपासून सुरू करा, शांत राहिलं तर वाढवा. खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या) बांधावर आणि त्याच्या पायथ्याला मीटर-दीड मीटरपर्यंत अजिबात खणू नका, कितीही गोड सूर आला तरी. खेकड्याच्या बिळाने बांध फुटतो तिथे तुमच्या खड्ड्याने फुटेलच. आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की ते खाचर पुढची दोन-तीन पिकं नीट देत नाही.

दुदांडी

ती माती नव्हे. नाण्याच्या पोटात शिरलेल्या मिठातलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने तांबं खात सुटलेलं आहे. इतर नाण्यांपासून आजच वेगळं करा. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्के द्रावण (डिस्टिल्ड पाण्यात) करून त्यात बुडवून ठेवा, द्रावण आठवड्याने बदला. काही महिने लागतात, घाई होत नाही. नंतर डिस्टिल्ड पाण्याने आठ-दहा वेळा धुऊन पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या डब्यात महिनाभर नजरेखाली ठेवा. पूड परत आली तर पुन्हा पहिल्यापासून. निघालेलं नाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवलेल्या यादीत असेल तर त्याला हात लावण्याआधी तिकडे विचारा, आणि तोवर नुसतं कोरडं ठेवा.